हौसाईचा मोगरा

फार फार वर्षं झाली. आसरखेडच्या ओढ्यावर तेव्हा पूल नव्हता आणि देवळाला कळस नव्हता. त्या काळी ओढ्याकाठी हौसा नावाची माळीण राहायची. वय असेल बावीस-तेवीस. तिच्या मोगऱ्याचं नाव पाच कोसांपर्यंत होतं. असं म्हणतात, की तिची फुलांची पाटी वेशीतून आत आली की देवळापाशी बसलेला आंधळासुद्धा सांगायचा, हौसा आली.

मोगरा लावतात सगळेच, फुलवता येतो थोड्यांना. हौसा पावसाळ्यात जुनी फांदी वाकवून मातीत दाबायची, मुळं फुटली की तोडून दुसऱ्या वाफ्यात लावायची. थंडीत मात्र ती झाडांशी कठोर व्हायची. पाणी बंद करायची, पानं ओरबाडायची, फांद्या छाटायची. महिनाभर वाफ्यात नुसत्या काटक्या उभ्या. याला ताण देणं म्हणतात. बघणाऱ्याला वाटायचं, झाडं मेली. मग ऊन तापायला लागलं की एक दिवस ती पाटाचं पाणी सोडायची, आणि चैत्रात त्याच काटक्यांवर पानांपेक्षा कळ्या जास्त दिसायच्या.

अशाच एका वैशाखात गावात पटकीची साथ आली. सकाळी बोलणारं माणूस संध्याकाळी नसायचं. हौसाचा नवरा पहिल्या तीन दिवसांतच गेला. पाठोपाठ पाळण्यातली लेक गेली, दीड महिन्याची.

लेक गेली, पण दूध थांबेना. चोळी भिजायची आणि हौसा भिंतीकडे तोंड करून बसायची. तान्हू नावाची म्हातारी सुईण रोज सकाळी यायची. ती वाफ्यातल्या कळ्या खुडायची, चुरडायची आणि हौसाच्या छातीवर फडक्यानं बांधायची. मोगऱ्यानं दूध आटतं, असं जुन्या बायका सांगत. चौथ्या दिवशी चोळी कोरडी राहिली.

पाचव्या दिवशी रखमाजी आला. तो गावकुसाबाहेरच्या वस्तीतला. त्याची सावलीही लोक अंगावर पडू देत नसत. तो कुंपणापलीकडे उभा राहिला. हातात फडक्यात गुंडाळलेलं पोर होतं.

"हौसाबाई, ह्याची आई पहाटं गेली. गावात कुणी दार उघडंना. शेळीचं दूध असंल तर घोटभर घाला."

हौसाकडे शेळी नव्हती. ती पोराकडे बघत राहिली. पोराला रडायलाही जोर उरला नव्हता. मग तिनं छातीचं फडकं सोडलं. चुरडलेल्या कळ्या मातीत पडल्या.

"अगं, येडी का खुळी? आटलं ते," तान्हू म्हणाली. "आता कुठनं यायचं?"

"मावशी, मोगऱ्याला ताण देते, तवा तो मरतो व्हय?" हौसा म्हणाली. "मला पाणी दे."

ती पोराला घेऊन वाफ्यातच बसली. पोर चोखायचं, काही मिळेना की कण्हायचं, पुन्हा चोखायचं. ऊन डोक्यावर आलं. हौसा पाणी मागत होती, तान्हू देत होती. असं म्हणतात, की ती तीन घागरी पाणी प्यायली. दुपार कलली तेव्हा पोराचा आवाज बंद झाला. तान्हू घागर टाकून धावली. ती वाकून बघते तर पोराच्या ओठांतून दूध ओघळत होतं. म्हातारीनं तिथंच मातीला डोकं टेकलं.

बातमी वस्तीत गेली, मग गावात. दोन दिवसांत आणखी तीन पोरकी पोरं हौसाच्या दारात आली. तिसऱ्या दिवशी पाटलीणबाई आल्या. त्यांची सून साथीत गेली होती आणि नातू वरचं दूध ओकून टाकत होता. त्या अंगणात येऊन थबकल्या. हौसाच्या मांडीवर रखमाजीचं पोर पीत होतं.

त्यांच्यामागून आलेली गावातली माणसं कुंपणापाशीच थांबली. आता हौसा ते पोर खाली ठेवील, असं सगळ्यांना वाटलं. हौसानं त्याला आणखी जवळ घेतलं.

"दुसरी बाजू मोकळी हाय, पाटलीणबाई," ती म्हणाली. "द्या इकडं."

पाटलीणबाईंनी एकदा गावाकडे बघितलं. मग त्या खाली बसल्या आणि नातू तिच्या मांडीवर ठेवला.

पाच पोरं हौसानं चाळीस दिवस एकटीनं पाजली. असं म्हणतात, की त्या दुधाला मोगऱ्याचा वास होता, आणि ती पोरं मोठी होऊन उन्हात राबली तरी त्यांच्या घामालाही तोच वास यायचा. आषाढ लागला तरी तिच्या वाफ्यातल्या कळ्या सरत नव्हत्या. साथ गेली. पाचही पोरं जगली. ती तिला आई म्हणू लागली आणि गाव हौसाई म्हणू लागलं.

हौसाई पुष्कळ जगली. ती गेली तेव्हा पौष होता, झाडांवर पान नव्हतं. चार लेकांनी खांदा दिला. पुढे मडकं धरून रखमाजीचा मुलगा चालला, कारण तिच्या दुधावर तो सगळ्यांत थोरला. पाटलीणबाईंचा नातू त्याच्यामागे खांद्याला होता. कुणी हरकत घेतली नाही. असं म्हणतात, की ओढ्यापर्यंत सगळी वाट मोगऱ्यासारखी दरवळत होती, आणि कुणी मोठ्यानं रडलं नाही.

आसरखेडात त्या पाच घरांत अजूनही दूधभावकी पाळतात. एका घरात सुतक आलं की पाचही घरांत चूल पेटत नाही.

आणि कुणाच्या तान्ह्याला आईचं दूध नसेल, तर घरातलं माणूस गावातल्या कुठल्याही बाळंतिणीच्या उंबऱ्यावर मोगऱ्याची एक कळी ठेवतं आणि पोर घेऊन थांबतं. हाक मारायची नाही, नाव सांगायचं नाही. कळी दिसली की ती बाई बाहेर येते आणि हात पुढे करते. पोर कुणाचं, हे ती विचारत नाही. मोगऱ्याचे दिवस नसले तर नुसतं पान ठेवलं तरी चालतं.