आचार्यांचा पराजय

पूर्वी हिरण्या नदीच्या काठी वेत्रवती नगरात राजा धृतवर्मा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या न्यायसभेत अमात्य होता. त्या जन्मी त्याचे नाव गुणाकर. वय लहान, पण बोलणे मोजके, आणि नीट ऐकून घेतल्याशिवाय तो कधी मत देत नसे. हे सारे त्याला ज्यांनी शिकवले ते आचार्य बर्हिदत्त त्याच सभेत मुख्य आसनावर बसत. वादात त्यांना कोणी हरवल्याचे नगरात कोणालाच आठवत नव्हते. दूरदेशीचे पंडित मोठ्या तोऱ्यात येत आणि सायंकाळी आचार्यांचे शिष्य होऊन बाहेर पडत. वेत्रवतीच्या लोकांना त्यांचा फार अभिमान. बाजारातल्या माळणीलाही वाटे, आचार्य आपल्याच घरचे आहेत.

एके वर्षी राजाच्या हत्तीशाळेत रोग शिरला. एकामागून एक हत्ती पडू लागले, आणि शेवटी राजाचा लाडका मंगलहत्तीही गेला. राजाने अन्न सोडले. त्याच सुमारास डोंगरातून वेळूच्या टोपल्या विणणारी काही कुटुंबे येऊन नदीकाठी झोपड्या बांधून राहिली होती. शोकाच्या भरात राजाने आचार्यांना विचारले, "हे कशाने झाले?" आचार्यही घाईत बोलून गेले, "ती माणसे आली आणि हत्ती मरू लागले. कारण उघड आहे."

शब्द तोंडातून निघाला आणि नगरभर झाला. झोपड्या जाळाव्यात आणि त्या लोकांना सीमेपार हाकलावे, असे बोलणे सुरू झाले. सीमेपलीकडे त्या साली पाऊस पडला नव्हता. तान्ही मुले काखोटीला मारून त्या कोरड्या रानात जाणे म्हणजे काय, हे सर्वांना कळत होते. पण आचार्यांच्या शब्दापुढे बोलणार कोण?

बोधिसत्त्वाने राजाकडे एवढेच मागितले, की निर्णयाआधी सभा भरावी.

राजा म्हणाला, "म्हणजे तुला तुझ्या गुरूंशीच वाद घालावा लागेल. जिंकलास तर त्यांचे आसन तुझे. हरलास तर अमात्यपद सोड."

बोधिसत्त्वाने मान लववली. मग तो नदीचा सारा काठ पायी हिंडला, हत्तीशाळेत गेला, गव्हाणीतला चारा हातात घेऊन पाहिला. परतताना त्याचे मन जड झाले होते. आचार्यांचे म्हणणे चूक होते आणि ते दाखवणे अवघडही नव्हते. अवघड होते ते त्यांच्या तोंडावर सांगणे. ज्यांनी बोट धरून अक्षर गिरवून घेतले, त्यांची मान भर सभेत खाली जावी, हे त्याला सोसवेना. तेव्हा त्याने ठरवले, की त्यांचे म्हणणे सरळ खोडायचे नाही. आडवळणाने जाऊ, ते सुज्ञ आहेत, खूण ओळखून आपणच माघार घेतील.

सभा भरली. वेळूवाल्यांच्या वतीने मालुकी नावाची प्रौढ बाई पुढे आली. कोणी तिला सुचवले, की राजाचे पाय धर. ती ताठ उभी राहिली.

"आम्ही दया मागायला आलो नाही," ती म्हणाली. "आमचे चुकले असेल तर दाखवा, आम्ही आपल्या पायांनी निघून जाऊ. चुकले नसेल तर आमच्या झोपड्यांना हात लावू नका."

बोधिसत्त्व आचार्यांकडे वळला. "आचार्य, आपले म्हणणे मी खरे धरून चालतो. जे आधी आले, तेच मागाहून घडलेल्या अनिष्टाचे कारण. असेच ना?"

"असेच."

"त्याच पंधरवड्यात महाराजांनी नवे सिंहद्वार उघडले. त्याच पंधरवड्यात आपणही तीर्थयात्रेहून परत आलात. हत्ती त्यानंतर आजारी पडले. मग आता सिंहद्वार पाडावे, की आपल्याला सीमेपार पाठवावे?"

सभेत हसू पसरले. आचार्यांच्या डोळ्यांत मात्र चमक आली.

"छान," ते म्हणाले. "मला माझ्याच वाटेने नेऊन खड्ड्यापाशी उभे केलेस. पण मी वाट बदलतो. सिंहद्वाराने हत्तींचे पाणी नासवले नाही, मीही नासवले नाही. हे लोक नदीत वेळू भिजत घालतात. वेळू कुजतो, पाणी नासते, तेच पाणी हत्ती पितात. आता बोल."

बोधिसत्त्वाने उपरण्यात बांधून आणलेल्या चाऱ्याकडे हात नेला आणि तसाच मागे घेतला. मालुकी त्याच्याकडे पाहत होती.

"थांबलास का?" आचार्यांनी विचारले. त्यांचा आवाज कठोर झाला. "मला सांभाळून घेतोस? गुणाकर, मी कोणाच्या दयेने या आसनावर बसलेलो नाही. तुझ्याजवळ सरळ उत्तर असेल तर ते दे. न दिलेस तर तो माझा अपमान, आणि या बाईचा घात."

तेव्हा बोधिसत्त्वाने हात जोडले आणि तो सरळ बोलला.

"आचार्य, हत्तींचा घाट नदीच्या वरच्या अंगाला आहे, वेळूचा डोह खालच्या अंगाला. खालचे पाणी वर चढत नाही. शिवाय या लोकांची मुलेबाळे त्याच डोहाचे पाणी पितात आणि ती धडधाकट आहेत. हत्तीशाळेतला चारा मात्र पावसात भिजून बुरसला आहे. हा पाहा. आपण हत्तींचा घाट पाहिला होता का?"

आचार्यांनी चाऱ्याची मूठ हातात घेतली, नाकाशी नेली.

"नाही," ते म्हणाले. "पाहिला नव्हता. मी न पाहता बोललो, आणि बोललो म्हणून धरून बसलो. माझे म्हणणे खोटे आहे. महाराज, मी हरलो."

ते आसनावरून उतरले. पाठ ताठ होती. लोकांकडे वळून ते म्हणाले, "मला हरवायला पंडित कुठून कुठून आले, कोणाला जमले नाही. ज्याला जमले तो माझ्या पाठशाळेत वाढला आहे. हे सगळीकडे सांगा."

बोधिसत्त्वाने त्यांच्या पायांवर डोके ठेवले. आचार्यांनी त्याला उठवून सर्वांदेखत छातीशी धरले.

राजाने आसन देऊ केले. बोधिसत्त्व म्हणाला, "महाराज, वाद जिंकणारे पुष्कळ मिळतील. आपले चुकले हे भर सभेत सांगणारा आचार्य दुसऱ्या कोणत्या राज्यात आहे? ते आसन त्यांनाच शोभते." राजाने ते मानले. हत्तीशाळेतला चारा बदलला आणि उरलेले हत्ती हळूहळू सावरले. आचार्य स्वतः नदीकाठी गेले आणि त्यांनी मालुकीची क्षमा मागितली. तिने नवी चटई अंथरून त्यांना बसायला दिले. पुढे वेत्रवतीचे लोक परक्यांना आचार्यांच्या विजयांच्या गोष्टी सांगत, तेव्हा ही पराजयाची गोष्ट ते सर्वांत आधी सांगत.

एवढी गोष्ट सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा राजा तो आताचा आनंद. मालुकी ती भिक्षुणी उत्पलवर्णा. आचार्य बर्हिदत्त म्हणजे आपले सारिपुत्त, आणि गुणाकर मीच होतो. भिक्षूंनो, दुसऱ्याचे म्हणणे आडून खोडता येते, समोरूनही खोडता येते. पण मनात मैत्री ठेवून खोडले, तरच हरलेल्याची मान ताठ राहते. मैत्रीसह पाळलेले हे सत्य, हीच त्या जन्मीची माझी सत्यपारमिता, सत्याच्या आचरणाची परिपूर्णता."