तळहाताएवढा अलिफ

"तळहाताएवढ्या कागदावर, पण याहून उंच अलिफ! शुक्रवारपर्यंत. नाही जमलं तर उस्ताद, तुमचे सगळे बोरू मोडून चुलीत!"

बादशहांचा हा हुकूम ऐकून दरबारात सुंदर अक्षर काढणारे म्हातारे खुशनवीस बाकरअली मटकन खालीच बसले.

झालं होतं असं. शेजारच्या सुलतानाच्या वकिलानं दरबारात नजराणा उलगडला. दाराएवढा कागद, कडेनं सोन्याची वेलबुट्टी आणि मधोमध अरबीतलं पहिलं अक्षर, अलिफ, भाल्यासारखं उभं. ज्यानं लिहिलं तो बोरूही सोबत होता. बोरू कसला, फळीच ती!

"एवढा उंच अलिफ तुमच्याकडे कुणी काढला नसेल," वकील मिशीत हसला.

बादशहा तापट. "आमचे उस्ताद तळहाताएवढ्या कागदावर याहून उंच काढतील!" बोलून गेले. आता शब्द मागे कसा घ्यायचा?

उस्ताद घरी आले. ओसरीवर जैतूनबी अकिकाच्या दगडानं कागद घोटत होती. वीस वर्षं तिचं तेच काम.

"राहू दे गं. आता लिहिणारच नाही कोणी," म्हणत उस्तादांनी सगळं सांगितलं. जैतूनबी खुदकन हसली.

"हसतेस काय?"

"उस्ताद, मला एक अक्षर वाचता येत नाही. पण शिष्यांवर तुम्ही रोज काय ओरडता, ते पाठ आहे. तुमचा नेहमीचा अलिफ लिहा. दरबारात मी येते."

शुक्रवारी तिनं इवलासा कागद बादशहांपुढे ठेवला. अलिफ करंगळीएवढा.

वकील खो खो हसला. "हा उंच?"

"मोजू या की! साहेब, तुमचे उस्ताद अक्षर कशानं मोजतात?"

"बोरूच्या टिंबानं. बोरू एकदा टेकवला की उमटतं ते टिंब. सगळ्या मुलखात तीच रीत."

"आमचे उस्तादही शिष्यांवर हेच ओरडतात. ज्याचा त्याचा बोरू ना?"

"अर्थात!"

"मग टेकवा तुमची फळी."

दोन शिपायांनी फळी नजराण्यातल्या अलिफाशेजारी एकावर एक टेकवली. एक, दोन, तीन. संपला अलिफ! त्या वळणात अलिफ तीनच टिंबांचा असतो. उस्तादांनी आपल्या अलिफाशेजारी आपला बारीक बोरू टेकवला. तीन, चार, पाच... टिंबावर टिंब सरळ पडत होतं. सहा, सात!

"सात!" जैतूनबी म्हणाली. "आमचं वळणच उंच, साहेब."

"पण बाई, डोळ्यांना तर..."

"माणूस आपल्या हातानं साडेतीन हात. तुमच्या हातानं मोजलं तर पाळण्यातलं लेकरू दीड हातही भरणार नाही. म्हणून ते अर्धवट का?"

वकील मिशी चावत राहिला. बादशहा हसले, एवढे हसले की पगडी सावरावी लागली.

"माग जैतूनबी, काय हवं?"

"हुजूर, नजराण्यातला अलिफ तुम्ही ठेवा, सोन्याची वेलबुट्टीही ठेवा. दोन्हींच्या मधला कोरा कागद तेवढा कापून द्या. उस्तादांचा वर्षभराचा सराव होईल. अलिफापेक्षा कोरंच जास्त आहे त्यात!"

"कात्री आणा!" बादशहा ओरडले आणि पुन्हा हसत सुटले. कागदाचं दुसरं टोक धरायला वकिलालाच उभं केलं.