बाभळीवरची चिंधी

घाटाच्या पायथ्याशी कुसरवाडी नावाचे गाव आहे. तेथल्या झऱ्याकाठी श्रीभानगीर महाराज राहत असत. आगगाडीचा रस्ता बांधायला आलेली काही आयरिश कुटुंबे काम संपल्यावर त्या गावाशेजारीच वस्ती करून राहिली होती. परसात बटाटे लावावेत, रविवारी मेरीमातेपुढे मेणबत्ती लावावी, असा त्यांचा साधाभोळा संसार. त्यांतली नोरा नावाची विधवा कपडे धुऊन पोट भरी. तिच्या लेकीच्या, ओर्लाच्या, दोन्ही डोळ्यांत फुले पडली आणि पोर चाचपडू लागली. डॉक्टरांनी हात टेकले. आईचा जीव तो, तिळतिळ तुटे!

नोराच्या माहेरी रीत होती. पवित्र झऱ्यात चिंधी भिजवून दुखरा भाग पुसायचा आणि चिंधी काठच्या काटेरी झाडाला बांधायची. मग दुखणे उतरते, अशी श्रद्धा. ते झाड इथे कुठले? पण महाराजांच्या झऱ्यावरची बाभूळ गावच्या बायकांच्या चिंध्यांनी भरलेली होती! लेकीचा हात धरून ती भीत भीत महाराजांकडे गेली आणि माहेरची रीत सांगून, इथे चिंधी बांधू का, असे विचारू लागली.

महाराज हसून म्हणाले, "अगं माय, काटा तिकडचा काय अन् इकडचा काय! ऐकणारा एकच आहे. बांध खुशाल."

तिने लेकीचे डोळे पुसून चिंधी बांधली, तोच वस्तीचा मुकादम, केली नावाचा साहेब, तेथे आला. स्वतः आयरिशच, पण जुन्या चालीरीतींची त्याला भारी लाज. "मायदेशातला गावंढळपणा इथवर आणलास? इंग्रज साहेब हसतील आपल्याला!" असे म्हणून त्याने चिंधीला हात घातला.

"साहेब, नका हो! दुसऱ्याची चिंधी सोडणाऱ्याला ते दुखणे लागते. तुमच्या आईनेही सांगितले असेल!"

"लागू दे की!" म्हणत त्याने चिंधी ओढून पायाखाली तुडवली. नोराने ती चिखलाने माखलेली चिंधी उचलून तोंडाशी धरली. पोरीचे डोळे आता कायमचे गेले, असे वाटून तिने हंबरडा फोडला.

इतक्यात ओर्ला म्हणाली, "आई, रडू नकोस ना. तुझ्या नाकाला चिखल लागलाय!"

काय ही लीला! नोराने पोरीला छातीशी घट्ट धरले. अन् तिकडे भर दुपारी केली साहेब दोन्ही हात पुढे करून ओरडत होता, "अंधार कसा पडला? मला काही दिसत नाही! महाराज, वाचवा!"

महाराज म्हणाले, "चिंधी जिची, तिला विचार बाबा."

नोराला राग काय थोडा आला होता? पण पोर कुशीतून टकामका बघत होती. मनात राग टिकेना. तिने झग्याची किनार टरकन फाडली, झऱ्यात भिजवून साहेबाचे डोळे पुसले आणि बाभळीला बांधली. गाठ बसताच साहेबाला लख्ख दिसू लागले. तो महाराजांच्या पायांवर पडायला धावला, तर महाराजांनी पाय मागे घेतले.

"इथे नव्हे. तिथे."

ओरडा ऐकून जमलेल्या सगळ्या वस्तीदेखत केली साहेबाने टोपी काढली आणि त्या धोबिणीच्या पायांवर डोके ठेवले. "बाई, चुकलो!" लोकांनी एकच जयजयकार केला. कुणी मेरीमातेचा करी, कुणी महाराजांचा, आणि महाराज दोन्हींना आनंदाने मान डोलावीत होते.