मुख्याची चोच

त्या बेटावर मासा मोजायचे माप एकच होते: मुख्याची चोच. मासा पकडला की बैठकीच्या खडकावर आणायचा, मुख्यासमोर ठेवायचा, आणि मुख्याने मान वाकवून आपली चोच त्याच्या शेजारी आडवी धरायची. मासा चोचीएवढा किंवा मोठा भरला तर पकडणाऱ्याचा. कमी भरला तर पुन्हा पाण्यात. हा कायदा कुणी केला ते कुणाला आठवत नव्हते, पण तो आजवर एकदाही मोडला गेला नव्हता, आणि बेटावरच्या पक्ष्यांना त्याचा फार अभिमान होता.

मुख्याच्या मागे जाणते बसत. जाणते म्हणजे वय झाल्यामुळे मासेमारी सोडलेले पक्षी. मापात बसलेल्या प्रत्येक माशातला पहिला घास त्यांचा असे. त्यामुळे खडकावर भरपूर मासे यावेत याची काळजी त्यांच्याइतकी दुसऱ्या कुणालाच नव्हती.

बेटाच्या पूर्वेला बाळखाडी होती. उथळ, कोमट, पाणगवताने भरलेली. समुद्रातले मासे तिथे येऊन अंडी घालत आणि त्यांची पिल्ले तिथेच वाढत. खाडीला कुंपण नव्हते की पहारा नव्हता. पहिला मुख्या करकोचा होता, आणि त्याच्या लांबलचक चोचीपुढे खाडीतले काहीच मापात बसत नव्हते. खाडीचे रक्षण त्या चोचीनेच होत होते.

मग मोठे मासे कमी झाले. करकोच्याच्या शेवटच्या वर्षांत खडकावर आणलेल्या दहा माशांतले नऊ परत पाण्यात सोडावे लागत. जाणत्यांची सभा भरली. पाणमांजरे मासे खातात, असा निष्कर्ष निघाला. बेटावर एकही पाणमांजर नव्हते, पण पलीकडच्या किनाऱ्यावर ती असल्याचे कुणीतरी ऐकले होते. पाणमांजरांचा कडक शब्दांत निषेध झाला, करकोच्याला सन्मानाने निवृत्त केले गेले आणि बगळ्याला मुख्या नेमले गेले. बगळ्याची चोच करकोच्याच्या निम्मी होती. दुसऱ्याच दिवशी खडकावर माशांची रास लागली.

‘मासे परत आले,’ जाणत्यांनी जाहीर केले.

पुढे बगळ्याच्या चोचीएवढेही मासे मिळेनासे झाले, तेव्हा तोही सन्मानाने निवृत्त झाला आणि थोरला बगळा या नावाने जाणत्यांच्या पहिल्या रांगेत जाऊन बसला. त्याच्या जागी खंड्या आला. पुन्हा रास लागली, पुन्हा मासे परत आल्याचे जाहीर झाले. खंड्यानंतर चिखल्याला बोलावले. चिखल्या मासे खातही नसे. ओहोटीच्या चिखलातले किडे टिपून तो सुखाने जगत होता. तो बिचकला.

‘मला माशांमधलं काय कळतंय?’ तो म्हणाला.

‘कळायला नकोच आहे,’ थोरला बगळा म्हणाला. ‘तू फक्त चोच धर.’

चिखल्याची चोच गवताच्या बीएवढी होती. त्याच्या काळात जन्मलेल्या पिल्लांना बोटभर मासा दिसला तरी ती दचकून मागे सरत.

त्या पिल्लांतली एक सुरय होती. काळ्या टोपीची, टोकदार पंखांची, उंचावरून सरळ पाण्यात झेप घेणारी. इतरांसारखीच तीही चिखल्याच्या चोचीएवढे मासे खाऊन वाढली होती आणि मासे एवढेच असतात असे समजत होती. पण तिला एक वाईट खोड होती. ती खाली बघत असे.

बैठकीच्या खडकाखाली एक मोठा ढीग होता. मासा गिळल्यावर जे पचत नाही ते पक्षी गोळी करून ओकून टाकतात. पिढ्यान्‌पिढ्या खडकावरून अशा गोळ्या खाली पडल्या होत्या आणि त्यांचा डोंगर झाला होता. काटे कुजून जात, खवले वाऱ्यावर उडून जात. राहत ते कानखडे. प्रत्येक माशाच्या डोक्यात, कानाच्या जागी, एक पांढरा खडा असतो. मासा वाढतो तसा तोही वाढतो, आणि दर वर्षी त्याच्यावर एक कडे चढते.

सुरय त्या ढिगात शिरली आणि उकरू लागली. शेजारच्या दगडावर पाणकावळा पंख पसरून वाळत घालत बसला होता. तो सकाळपासून तेवढेच करत होता.

‘काय गं, पणजोबांची ओकारी चिवडतेस?’

‘हो. त्यांनी काय खाल्लं ते बघतेय.’

‘मग? काय होता बेत?’

‘हा बघ खडा. या माशाचं डोकं तुझ्या डोक्याच्या दुप्पट होतं. अख्खा मासा तर तुझ्याहून लांब असेल.’

पाणकावळा हसला. मग त्याने पंख मिटले, खाली उतरून तो खडा बराच वेळ पाहिला आणि हसणे थांबवून तिच्याबरोबर उकरू लागला.

ढिगाच्या तळाशी चिंचोक्याएवढे खडे होते, बारा-बारा, पंधरा-पंधरा कड्यांचे. त्यांच्या वर वाटाण्याएवढे, पाच-सहा कड्यांचे. त्याहून वर मोहरीएवढे, एकाच कड्याचे. सगळ्यात वरच्या थरात खसखशीसारखी पांढरी भुकटी होती आणि तिच्यातल्या एकाही कणावर एकही कडे नव्हते. सुरयने ते पुन्हापुन्हा उलटून पाहिले. मासा वर्षाचा होण्याआधीच खाल्ला जात होता. अंडी तो दुसऱ्या वर्षी घालतो.

त्याच हंगामात तिच्या पोटात अंडे होते. भुकेने हडकलेल्या त्या बेटावर बाकी कुणीही अंडे घातले नव्हते. तिचा जोडीदार मासे शोधत लांबच्या समुद्रावर गेला होता आणि परतला नव्हता. सुरयने वाळूत खळगा करून अंडे घातले, पाणकावळ्याला त्यावर सावली धरायला बसवले आणि चोचीत मावतील तेवढे खडे घेऊन ती खडकावर गेली. चार खेपा केल्या. सगळे खडे जाणत्यांसमोर ओळीने मांडले, तळापासून वरपर्यंत.

‘हे आपण खाल्लेले मासे,’ ती म्हणाली. ‘इथून सुरुवात. आणि हे आज.’

जाणत्यांनी ओळ पाहिली. थोरल्या बगळ्याने एक डोळा मिटला.

‘अगं, खडे आहेत ते. खडे लहान-मोठे असायचेच.’

‘चिंचोक्याएवढे खडे फक्त तळाला कसे? वर एकही का नाही?’

‘जड वस्तू खाली जाते,’ एक म्हातारा ढोक समजुतीच्या सुरात म्हणाला. बाकीच्यांनी माना हलवल्या.

‘आजोबा, तुम्ही स्वतः करकोच्याच्या काळात मासे पकडलेत. तुमच्या चोचीत हा मासा होता. तुम्हाला आठवत असलं पाहिजे!’

‘आठवतं ना,’ थोरला बगळा म्हणाला. ‘फार काटे असायचे. त्रासच होता. आत्ताचा मासा कसा मऊ, एका घासाचा. आणि मुली, ही पिसं काय उन्हानं पांढरी झाली?’

‘बगळेआजोबा,’ पाणकावळा खाली वाळूत अंड्याजवळून ओरडला, ‘तुमची जन्मापासूनच पांढरी आहेत.’

कुणीतरी हसले. थोरल्या बगळ्याने ते ऐकले नाही असे दाखवले.

‘तुला हवंय काय?’

‘बाळखाडी. फक्त एक हंगाम तिकडे कुणी जायचं नाही. तिथल्या पिल्लांना मोठं होऊन एकदा, एकदाच, अंडी घालू द्या. नाहीतर माझं पिल्लू चोच उघडेल तेव्हा तिच्यात घालायला काही नसेल.’

‘एक हंगाम?’ ढोक म्हणाला. ‘आणि आमचं काय?’

ते इतके खरे बोलणे होते की सगळी सभा ओशाळली. थोरल्या बगळ्याने लगेच सावरून घेतले. विषय गंभीर आहे, खड्यांचा सखोल अभ्यास व्हायला हवा, तरुण पिढीची कळकळ कौतुकास्पद आहे, पण इतकी घाई बरी नाही, असे तो म्हणाला. अभ्यासासाठी खडे खडकावरच ठेवून घेण्यात आले.

अभ्यास झाला. खडे धुतले गेले, आकाराप्रमाणे लावले गेले, आणि ते दिसायला सुंदर आहेत यावर सर्वांचे एकमत झाले. मग त्या खड्यांनी मुख्याची बैठक सजवण्यात आली.

दरम्यान चिखल्याच्या चोचीएवढा मासाही समुद्रात उरला नाही. बाळखाडीत मात्र नुकती जन्मलेली, दोऱ्याच्या तुकड्यांसारखी पिल्ले वळवळत होती. बेटावर गवताच्या बीहून लहान चोच कुणाचीच नव्हती. जाणते तीन दिवस सभेत बसून राहिले. कायदा मोडावा, असे एकानेही सुचवले नाही. तेवढे ते सभ्य होते. चौथ्या दिवशी थोरल्या बगळ्याची नजर वाळूकडे गेली.

सुरय त्या वेळी समुद्रावर होती. परत आली तेव्हा खळगा रिकामा होता आणि पाणकावळ्याचा एक पंख मोडलेला होता.

‘जाणत्यांनी सहाजण पाठवले,’ तो म्हणाला. ‘मी एकाला चावलो. पण सहाजण होते गं.’

वाळूवर ढकलत नेल्याचा माग होता. तो बैठकीच्या खडकापर्यंत जात होता. वर, तिनेच शोधलेल्या चिंचोक्याएवढ्या कानखड्यांच्या मधोमध, तिचे अंडे ठेवलेले होते. चिखल्या निवृत्त होऊन किड्यांकडे परतला होता.

‘ये, ये,’ थोरला बगळा म्हणाला. ‘नशीब काढलंस. मुख्याची आई झालीस!’

‘ते अंडं आहे.’

‘पिल्लांना संधी द्या म्हणत होतीस ना? याहून लहान कोण असणार?’

‘त्याला चोच नाही!’

‘तेच तर,’ ढोक म्हणाला.

ती झेपावली, पण तिच्यात आणि अंड्यात लांब चोचींचे कुंपण उभे राहिले. अंडे चोचीत धरून उडून जाणे तिला शक्य नव्हते, हे जाणत्यांना ठाऊक होते. त्यांनी तिला मुख्याला ऊब देण्याचे काम दिले. दिवसातून एकदा पोटासाठी जाण्याची मुभाही दिली. ती बसली, कारण ती उठली असती तर दुसरे कुणीच बसणार नव्हते.

खाली बेट रिकामे झाले. सगळे बाळखाडीकडे गेले होते. मुख्याला चोच नव्हती, म्हणजे चोचीपेक्षा लहान मासा असूच शकत नव्हता. प्रत्येक घास खडकावर आणून अंड्याशेजारी ठेवला गेला, रीतसर मोजला गेला आणि मापात बसला. पहिल्या दिवशी दोऱ्यासारखी पिल्ले आली. पाचव्या दिवशी पिल्ले संपली आणि पक्षी पाणगवत उपटून त्याला चिकटलेली माशांची अंडी ओरबाडून आणू लागले, रव्याच्या कणांएवढी, पारदर्शक, आत काळा ठिपका असलेली. दोन आठवड्यांत खाडीचे पाणी इतके निवळ झाले की तळाची रेती दिसू लागली. जाणते म्हणाले, पाणी इतके स्वच्छ आम्ही कधी पाहिले नव्हते.

त्या दिवशी सुरय पोटासाठी गेलेली असताना मुख्या बोलला.

टक्.

जाणत्यांनी माना उचलल्या.

टक्, टक्. अंड्याच्या रुंद टोकावर केसाएवढी चीर पडली.

‘चोच,’ ढोक कुजबुजला.

‘तांदळाच्या दाण्याएवढीच असेल,’ कुणीतरी म्हणाले.

‘तांदळाएवढी झाली तरी ते माप झालं,’ थोरला बगळा म्हणाला. सर्वांनी समोर पडलेल्या गाबोळीच्या, माशांच्या अंड्यांच्या, शेवटच्या लहानशा गोळ्याकडे पाहिले. तिच्यातला एकही कण तांदळाएवढा नव्हता. कायदा मोडण्याची कल्पना त्यांना सहन होण्यासारखी नव्हती. ‘कायदा तो कायदा. जरा चिखल आणा बघू.’

कित्येक वर्षांत जागचे न हललेले जाणते धडपडत खाली उतरले, ओल्या चिखलात चोची खुपसून गोळे घेऊन वर आले आणि चीर लिंपू लागले. लांब चोचींमुळे काम फार सफाईने होत होते.

सुरय परतली ती त्यांच्या डोक्यांवरून थेट कानखड्यांच्या मधोमध कोसळली.

‘अगं, त्याला वारा लागू नये म्हणून,’ थोरला बगळा म्हणाला.

बोलण्यासारखे सगळे तिचे ओळीने मांडून झाले होते आणि त्यावर आता अंडे ठेवलेले होते. तिने पंख पसरून स्वतःला अंड्यावर झाकून घेतले आणि चिखलावर चोच मारली. ढलपा उडाला. आतून टक्, बाहेरून टक्. पाठीवर चोची बसत होत्या, काळ्या टोपीखालून रक्त ओघळत होते, तरी ती फोडत होती. तिच्या पंखांच्या फटींतून नवे गोळे आत येत होते.

‘हळू,’ थोरला बगळा म्हणाला. ‘इतकी घाई बरी नाही.’ त्याने आपला गोळा नीट नेम धरून, टकटक येत होती बरोबर तिथेच दाबून बसवला.

आवाज थांबला. सुरयची चोच हवेत थांबली. जाणते एकमेकांकडे पाहू लागले.

मग टकटक पुन्हा सुरू झाली. ती आता अंड्याच्या दुसऱ्या बाजूने येत होती, खालून, जिथे ते चिंचोक्याएवढ्या खड्यांवर टेकले होते.