महाराजांची मोहर

"फूल तांबडं दिसलं पाहिजे, आणि तुम्ही काळ्या शाईखेरीज थेंबभरही रंग वापरायचा नाही," चीनमधल्या एका छोट्या राज्याचे महाराज म्हणाले. "मुदत पाच दिवस. जमलं नाही, तर कुंचला खाली ठेवायचा आणि जन्मभर पागेच्या भिंतींना चुना लावायचा."

हे ज्यांना सुनावलं ते वेनगुरुजी चाळीस वर्षं दरबारात फुलं रंगवत होते. त्यांचा गुन्हा एका शब्दाचा. चित्र आवडलं की महाराज त्यावर आपली मोहर उमटवत. मोहर नसलेलं चित्र पुरं धरू नये, असा त्यांचा हुकूमच होता. पण एकदा उमटवून त्यांचं भागत नसे. पाचदा उमटवल्याशिवाय हात आवरत नसे, आणि जागा बघायची तर पद्धतच नव्हती. परवा गुरुजींनी दोन महिने खपून काढलेल्या कमळावर हिंगुळाचे पाच लाल गोल बसले. गुरुजींना आताशा कमी दिसायचं. चित्र डोळ्यांजवळ नेऊन ते भर दरबारात म्हणाले, "अरेरे, डाग पडलेत. कुणाचा हात लागला?"

महाराजांनी हातातली मोहर खाली ठेवली.

घरी येऊन गुरुजी कुंचले पुसत बसले. पुसून झालेले पुन्हा पुसू लागले, तेव्हा सूयिनला राहवेना. ती बारा वर्षं त्यांच्याकडे शाई उगाळायला होती. शाईची कांडी पाण्यात बुडवून दगडावर उगाळायची, एवढंच तिचं काम. पण बघायला कोणी मनाई केली नव्हती, आणि तिने पुष्कळ बघून घेतलं होतं. तिला गुरुजींची दया आली आणि महाराजांचा भयंकर राग आला.

"गुरुजी, मेइची फांदी काढा," ती म्हणाली.

"मेइला ऐन थंडीत पाच पाकळ्यांचं तांबडं फूल येतं बाई. ते काळ्या शाईने कसं काढू?"

"फूल काढूच नका. नुसते मधले केसर काढा, काळे. त्यांच्याभोवती जागा सोडा."

"आणि उरलेला कागद?"

"उरलेल्या कागदावर फांद्याच फांद्या. बोट टेकायला जागा राहता कामा नये."

पाचव्या दिवशी चित्र दरबारात गेलं. कागद सूयिनने धरला.

"फांदी झकास आहे," महाराज म्हणाले. "फूल कुठाय?"

"चित्र अजून पुरं झालेलं नाही, महाराज," सूयिन म्हणाली.

"मुदत संपली."

"आमचं काम संपलं. राहिलंय ते आपलं. मोहर नसलेलं चित्र पुरं धरू नये, असा आपला हुकूम आहे. अपुऱ्या चित्राची परीक्षा कशी घ्यायची?"

महाराजांनी या बोलण्यात खोट शोधून पाहिली. हुकूम त्यांचाच होता. त्यांनी करंगळीच्या टोकाएवढी ती गोल मोहर हिंगुळात बुडवली आणि हात वर धरून विचारलं, "उमटवू कुठे?"

हा प्रश्न महाराजांच्या तोंडून आजवर कोणी ऐकला नव्हता.

"जागा तेवढीच आहे," सूयिनने केसरांकडे बोट दाखवलं.

एक झाली. दोन झाल्या. हात नेहमीप्रमाणे आवरला नाही. पाचवी उमटली आणि महाराज थबकले. काळ्या केसरांभोवती पाच तांबड्या पाकळ्या होत्या.

"तुम्ही तांबडा रंग वापरलात," ते सावकाश म्हणाले.

"आम्ही नाही, महाराज. आपण मोहर उमटवलीत, म्हणून फांदीला मोहोर आला."

महाराज आधी चित्राकडे बघत राहिले, मग असे हसले की मुकुट घसरून कानावर आला. डोळे पुसत ते म्हणाले, "म्हणजे कमळावर होते ते डागच म्हणायचे."

"तेच तर मी म्हणत होतो," गुरुजी म्हणाले.

गुरुजींचा कुंचला त्यांच्याकडेच राहिला. सूयिनला महाराजांनी दरबारी चित्रकाराची जागा दिली, आणि वर काय हवं ते माग म्हणाले.

"यापुढे आम्ही सोडू त्याच जागी मोहर उमटवावी," ती म्हणाली.

"दिलं," महाराज म्हणाले, आणि मोहर पुन्हा हिंगुळात बुडवली. "या फांदीला अजून एखादं फूल?"

सूयिनने चित्राची गुंडाळी केली.