ओव्याचे फूल

एकदा एका वृद्ध वैद्यांकडे एक शिष्य शिकत होता. बुद्धी तल्लख, पाठांतर चोख; दोष एवढाच, की त्याचा दुधावर विश्वास नव्हता आणि दूधवाल्यावर तर नव्हताच. एके दिवशी वैद्यांनी त्याला आठवडी बाजारातून कापूर, पुदिन्याचे फूल आणि ओव्याचे फूल आणायला सांगितले. वीस वर्षे तिथेच पाल ठोकून बसणाऱ्या व्यापाऱ्याने तीन पुड्या बांधून दिल्या.

शिष्याने त्या वाटेतच उघडल्या. फूल म्हटल्यावर पाकळी नको, देठ नको? एका पुडीत काचेच्या सुयांसारख्या कांड्या, दुसरीत खडीसाखरेसारखे खडे, तिसरीत कापूर. तिन्ही पांढरे, आणि वास असा की डोळ्यांत पाणी यावे. ज्या मालाला एवढा वास लागतो त्यात काहीतरी लपवलेले असणारच, असे त्याने अनुमान काढले.

वैद्यांना एका शब्दाने न विचारता त्याने रीतसर पंचनामा केला. प्रत्येक पुडीतला थोडा नमुना एका कोरड्या बाटलीत भरला, बूच लावून वर लाखेची मोहोर केली, बाटली पेटीत ठेवली आणि पेटीची किल्ली जानव्याला बांधली. सकाळी पाहतो तो बाटलीत खडा नाही, सुई नाही, नुसते पाणी.

त्याला फार समाधान वाटले. तो बाटली घेऊन वैद्यांकडे गेला आणि म्हणाला, की हा व्यापारी औषधाच्या नावाखाली भलतेच काही विकतो; पुढच्या बाजारी पंचांपुढे ही बाटली ठेवली, की संध्याकाळपर्यंत त्याचे पाल कायमचे उठेल.

वैद्यांनी बाटली हातात घेतली, मोहोर फोडली, दोन थेंब बत्ताशावर टाकले आणि पुरावा खाऊन टाकला. मग दुसरा बत्तासा शिष्यापुढे धरला.

"गुरुजी, विष असेल."

"मग दोघे मिळून जाऊ. खा."

जीभ आधी पोळली, मग गार पडली. चव ओळखीची होती. उन्हाळ्यात पोटात मुरडा आला तेव्हा वैद्यांनी हेच दिले होते, आणि त्याने ते निमूट घेतले होते. त्या वेळी पोटाने संशयाला फुरसत दिली नव्हती.

वैद्य म्हणाले, "वनस्पतीचा सुवासिक अर्क गोठून त्याचे खडे झाले, की आम्ही त्याला फूल म्हणतो. पाकळ्या हव्या असतील तर माळिणीकडे जा. हे तिघे एकेकटे कोरडे राहतात. एकत्र आले, की पाण्याचा थेंब न घालता पाझरतात. माझे औषध असेच होते. फडताळातल्या पुड्या बघ, कोरड्याच आहेत. तू मोहोर केलीस, कुलूप लावलेस, सगळ्यांवर पहारा ठेवलास. या तिघांना एका बाटलीत कोणी घातले, एवढे विचारायचे राहिले. संशयी माणूस पुरावा बहुधा असाच मिळवतो. स्वतः कालवतो आणि दुसऱ्याच्या माथी मारतो."

पुढच्या बाजारी ऊन कडक होते. व्यापारी पालात कपाळ धरून बसला होता. शिष्याने झोळीतून बाटली काढली. गळ्याभोवती लाख अजून चिकटलेली होती. दोन थेंब त्याने व्यापाऱ्याच्या कपाळावर चोळले.

थोड्या वेळाने व्यापाऱ्याने डोळे उघडले. "बरं वाटलं हो. कसलं पाणी म्हणायचं हे?"

"तुमचाच माल आहे," शिष्य म्हणाला.

त्या दिवशीच्या पुड्या त्याने घरी पोहोचेपर्यंत उघडल्या नाहीत.