नव्व्याण्णव गल्ल्या बिनदाराच्या

एका राज्यात एक नगर होतं, आणि ते नगर आपोआप वाढत असे. दूरदूरच्या मुलखांतून माणसं येत, वेशीबाहेर गाठोडी टाकून बसत, आणि पौर्णिमेच्या सकाळी वेशीपलीकडे एक नवी गल्ली उगवलेली असे. दोन्ही अंगांना घरं, मधे फरसबंदी. हे वरदान नीळाई जोगिणीनं राजाच्या आजोबांना दिलं होतं. अट एकच घातली होती.

"गल्ली उगवण्याआधी तिथं राहणाऱ्यांना विचारायचं. न विचारता उगवलेल्या गल्लीला दार नसेल. अशा शंभर झाल्या, की शंभरावी तुझ्या तळ्यात उतरेल आणि तळं पिऊन टाकेल."

नगराला पाणी त्या एका तळ्याचं. आठवण राहावी म्हणून जोगिणीनं आपली साळुंकी सिंहासनाच्या छत्रावर बसवली आणि ती निघून गेली. दर चतुर्दशीला साळुंकी विचारी, "विचारलंत का?" आजोबा म्हणत, "विचारलं." वडील म्हणत, "विचारलं." त्या दोघांनी खरंच विचारलेलं असे.

मग अरिंजय राजा गादीवर आला. वाईट नव्हता हो. कामाचा उरक मोठा, हेतू चांगला. पण साळुंकीनं "विचारलंत का?" म्हटलं की हा म्हणायचा, "प्रधान बघताहेत." आणि प्रधान चतुरंग खरोखरच बघे. रेशमी कापडावर पुढच्या चाळीस वर्षांच्या नगराचा नकाशा काढून त्याच्याकडेच बघत बसे. इकडे पौर्णिमेमागून पौर्णिमा गेली आणि बिनदाराच्या सत्त्याण्णव गल्ल्या उगवल्या. घरं होती, खिडक्या होत्या, दाराच्या जागी भिंत. भिंत फोडावी तर दुसऱ्या सकाळी पुन्हा सांधलेली. लोक शिडी लावून खिडकीतून घरात शिरत आणि पंचांगातली चांगली वेळ बघून सासुरवाडीची माणसं खिडकीतून ओढून घेत. आठ वर्षं हे चाललं. कुणी राजाला एक शब्द बोललं असेल तर शपथ.

यातली पहिली गल्ली राजाच्या आईच्या महालाभोवती उगवली होती. राजानं हौसेनं आईसाठी तळ्याकाठी महाल बांधला, एका सोमवारी तिला पालखीतून तिथं पोचवलं, आणि पौर्णिमेला महालाचं दार गेलं. राजमातेचे गुडघे शिडीचे राहिले नव्हते. तेव्हापासून ती आत, राजा बाहेर. जेवण आणि पाणी टोपलीतून दोरानं वर जाई. राजा रोज भिंतीखाली उभा राहून नमस्कार करी आणि वरून आवाज येई, "दार कर, मग नमस्कार कर."

सत्त्याण्णवावी गल्ली उगवली त्या दिवशी साळुंकी पहिल्यांदाच दोन वाक्यं बोलली. "विचारलंत का? तीन उरल्या."

राजाचे डोळे पांढरे झाले. त्यानं प्रधानाला बोलावलं.

"लोकांना विचारा."

"आज्ञा," प्रधान म्हणाला.

आणि विचारलं कसं? दवंडी पिटून कुंभारवाड्याच्या बाजूचे लोक भर दुपारी दरबारात आणले. मडकी भाजायचा आवा लावायची ऐन वेळ, ती अर्धी कच्ची टाकून माणसं आली, अंगावर लग्नातली वस्त्रं, पायाला चिखल. प्रधानानं नकाशा उलगडला. आधी रस्त्यांना कोणाकोणाची नावं द्यायची ते सांगितलं, त्यात एक प्रहर गेला. मग कारंजी कुठं येतील ते सांगितलं. दुसरा प्रहर गेला. शेवटी विचारलं, "कुणाची काही हरकत?"

आता या लोकांना काय म्हणावं? नव्या गल्लीत आव्याला जागाच नाही हे प्रत्येकाला दिसत होतं. घरी जाऊन बायकोपाशी प्रधानाच्या सात पिढ्यांचा उद्धार करणार होते. पण दरबारात हात जोडून सगळे एका सुरात म्हणाले, "मायबाप म्हणतील ते." विडे घेतले आणि गेले.

पौर्णिमेला गल्ली उगवली. दार नाही. कुंभारांचा आवा दोन घरांच्या भिंतींत चिणलेला. साळुंकी म्हणाली, "हे सांगणं झालं. दोन उरल्या."

दुसऱ्या वेळी प्रधानानं कारकून घरोघर धाडले. दरबारी भीड गेली, तशी लोकांची जीभ सुटली, ती आवरेना. रस्ता माझ्या दारापर्यंत यावा, पण गाड्या माझ्या दारावरून जाऊ नयेत. लोहार जवळ हवा, घणाचा आवाज नको. झाडाची सावली माझ्या अंगणात, पाला शेजाऱ्याच्या. स्मशान हवंच, कोण नाही म्हणतो, पण त्या बाजूला. आणि त्या बाजूचे म्हणत, या बाजूला. एका गोष्टीवर मात्र साऱ्या नगराचं एकमत झालं, की उकिरडा दुसरीकडे असावा. कारकुनांच्या नाकी नऊ आले. प्रधानानं कुणालाच दुखवायचं नाही म्हणून सगळ्यांचं सगळं नकाशात घातलं.

पौर्णिमेला जी गल्ली उगवली तिला त्र्याहत्तर वळणं होती आणि ती जिथून निघाली तिथंच येऊन संपत होती. दार अर्थातच नाही. साळुंकी म्हणाली, "हे मागणं झालं. एक उरली."

राजानं मुकुट काढून मांडीवर ठेवला. पुढची पौर्णिमा आठ दिवसांवर आली तेव्हा तो उठला आणि एकटा आईच्या भिंतीखाली गेला. तिथं राही उभी होती. राही घरोघर पाणी भरायची, आणि राजमातेची घागर टोपलीत ठेवायला रोज येई. राजाला पाहून ती बाजूला झाली.

"आईसाहेब," राजा म्हणाला, "विचारलं तर बोलत नाहीत. बोलले तर ऐकवत नाही. काय करू?"

वरून आवाज आला. "हा महाल बांधलास, तेव्हा कुणाला विचारलंस?"

"प्रधानांना. शिल्पकारांना. ज्योतिष्यांना."

"राहणार कोण होतं?"

राजानं वर खिडकीकडे पाहिलं.

"आत एकसष्ट पायऱ्या आहेत," राजमाता म्हणाली. "देवघर वर, पाणी खाली. जुन्या वाड्यात माझ्या खोलीतून बाजार दिसायचा, भाजीवालीशी दोन शब्द व्हायचे. इथून तळं दिसतं. तळ्याशी काय बोलू? बांधणाऱ्यांपैकी एकानंही भरली कळशी घेऊन या पायऱ्या चढून बघितल्या नाहीत. तूही नाहीस."

राजाला ते फार लागलं. आईला आपण कैदेत घातलं, आणि वर आठ वर्षं तिच्याच रागाचा राग केला, हे त्याला तिथं उन्हात उभं असताना कळलं.

राहीनं घसा खाकरला. "बोलू का, महाराज?"

"बोल, बाई."

"नकाशातली घागर रिकामी असते. भरलेली घेऊन चालून बघा."

दुसऱ्या दिवशी राजानं दरबार भरवला नाही. जिथं शंभरावी गल्ली यायची होती, त्या वेशीपासून तळ्यापर्यंतच्या माळावर त्यानं दोरी धरून चुन्याच्या फक्कीनं प्रधानाची गल्ली जशीच्या तशी जमिनीवर आखवली. मग तिथं गाठोडी घेऊन बसलेल्यांना आणि जुन्या रहिवाशांना म्हणाला, "रोज जसे चालता तसे चाला. ओझ्यासकट. अडलात की थांबा." स्वतः त्यानं राहीची भरलेली घागर खांद्यावर घेतली.

पहिल्या वळणावरच राजा निम्मा भिजला. चढ होता, तो रेशमावर दिसला नव्हता. लोहार ऐरण लादलेला गाडा घेऊन आला आणि त्याचं चाक रेषेबाहेर गेलं. चार वाहक रिकामी तिरडी खांद्यावर घेऊन आले. कोपऱ्यावर ती वळेना, पुढचे दोघे गल्लीत आणि मागचे दोघे कुणाच्या तरी स्वयंपाकघरात. "इथं मेलेल्यालाही उतरून चालावं लागेल," एक वाहक म्हणाला. प्रधान पहिल्यांदाच हसला, आणि मग त्यानं स्वतःच्या पायानं ती फक्की पुसली.

भांडणं झाली नाहीत असं नाही. सहा दिवस नुसती भांडणंच झाली, माझं तर ऐकून डोकं उठलं. पण घण दुसरीकडे न्या म्हणणारी म्हातारी लोहाराच्या गाड्यामागं चालली, तेव्हा ती दुसरी जागा तिच्याच लेकीच्या खिडकीखाली येते हे तिला दिसलं. ती लोहाराकडे वळली. "राहू दे इथंच," म्हणाली, "पण दुपारी घण थांबव." लोहार म्हणाला, "थांबवीन." कुंभारांनी आव्याला वाऱ्याच्या खालची, धूर घरांवर न येणारी जागा दाखवली. उकिरड्याचा प्रश्न तेवढा तीन दिवस चालला, शेवटी राजा म्हणाला, "माझ्या घोड्यांच्या पागेमागं." फक्की पुसली गेली, पडली, पुन्हा पुसली गेली.

सातव्या दिवशी चतुर्दशी. रेषा तळ्यापाशी आली आणि प्रधान म्हणाला, "नकाशा चाळीस वर्षांचा आहे. इथं शेवटी जे राहतील ते अजून जन्मले नाहीत. अट तर राहणाऱ्यांना विचारायची आहे." सगळे थबकले. न जन्मलेल्याला विचारावं कसं?

राहीनं फक्कीची टोपली खाली ठेवली. "मग इथं आखायचं नाही," ती म्हणाली. "त्यांचं त्यांना विचारावं लागेल. तोवर पाणी राहू दे."

कुणी हरकत घेतली नाही, आणि या वेळी ती भीड नव्हती. तळ्याचा सारा काठ मोकळा राहिला. साळुंकी उडत आली आणि राजाच्या ओल्या खांद्यावर बसली.

"विचारलंत का?"

"जे आहेत त्यांना विचारलं," राजा म्हणाला. "जे नाहीत त्यांच्यापुरती जागा सोडली."

साळुंकीनं मान वाकडी करून त्याच्याकडे पाहिलं, आणि ती आपल्या जोगिणीकडे उडून गेली.

सकाळी शंभरावी गल्ली फक्कीवरून उगवली. तिरडी वळेल एवढे कोपरे, घागर न सांडेल एवढा चढ, आणि प्रत्येक घराला दार. काठाच्या अलीकडे ती थांबली. तळं जागच्या जागी होतं. त्याच घटकेला मागच्या नव्व्याण्णव गल्ल्यांत भिंती विरघळल्या आणि दारं उघडली. आठ वर्षं शिडीवरून चढणारे लोक सवयीनं खिडक्यांशी जमले, मग ओशाळून दारातून आत गेले.

राजा धावत आईच्या महाली गेला. एकसष्ट पायऱ्या चढला, भरली कळशी घेऊन, मधे दोनदा टेकला. राजमाता खिडकीशी बसली होती. त्यानं कळशी ठेवली, पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणाला, "आईसाहेब, आपल्याला कुठं राहायला आवडेल?"

तिनं कळशी जवळ ओढून घेतली.

"विचार करून सांगते," ती म्हणाली.

राजा तिथंच वरच्या पायरीवर बसला. प्रधान दोनदा बोलवायला आला, आणि दोन्ही वेळा राजानं तोंडावर बोट ठेवून त्याला परत पाठवलं. असं ते नगर ताळ्यावर आलं, तुमचंही येवो.